स्वस्त, छोटा संगणक: रोजच्या कामाचा वेगळा, खटपटीचा वेगळा

टेबलाच्या कोपऱ्यात मावेल, फारसा आवाज करणार नाही, ज्यावर लेखन, हिशेब आणि अधूनमधून एखादा व्हिडिओ पाहणे जमेल आणि सुट्टीच्या दिवशी ज्याला वायरी जोडून प्रयोगही करता येतील, असा एकच स्वस्त संगणक मी बरेच दिवस शोधत होतो. आज माझ्या टेबलावर दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि हीच व्यवस्था मी इतरांनाही सुचवतो.

सुरुवात अर्थातच रास्पबेरी पायपासून, म्हणजे एकाच छोट्या उघड्या बोर्डावर बसवलेल्या संगणकापासून झाली. २०१२ साली आलेल्या पहिल्या पायमध्ये अवघी २५६ एमबी मेमरी होती आणि त्यामागचा मुख्य उद्देश मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे हा होता. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ च्या प्रोसेसरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत आणि त्यावर ब्राउझर बऱ्यापैकी चालतो. मात्र किंमत पाहताना आपण नुसत्या बोर्डाची पाहतो. पॉवर सप्लाय, डबी, पंखा, मेमरी कार्ड आणि मायक्रो एचडीएमआयची केबल हे सगळे जोडून बेरीज केली की ‘स्वस्त’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. त्यातही पाय ५ ला ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा सप्लाय लागतो. ३ अँपिअरच्या सप्लायवर तो चालतो खरा, पण यूएसबीला मिळणारा एकूण प्रवाह ६०० मिलिअँपिअरवर रोखतो, आणि बाहेरून लावलेली हार्ड डिस्क मग रुसून बसते.

माझ्याकडे पाय ४ होता आणि मी त्याला घरात पडलेला फोनचा चार्जर लावला होता. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेचे छोटे पिवळे चिन्ह अधूनमधून झळके. ते चार्जिंगचे असावे, असे मी कितीतरी दिवस समजत होतो! प्रत्यक्षात व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेल्याचा तो इशारा होता. एके दिवशी फाइल लिहिली जात असतानाच बोर्ड बंद पडला आणि त्यानंतर ते मेमरी कार्ड पुन्हा सुरूच झाले नाही.

दुसरी चूक याहून शिकवणारी होती. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि मोजमापाचा इशारा परत पाठवणारी त्याची ‘एको’ पिनही ५ व्होल्टच बाहेर टाकते. बाहेरच्या वायरी जोडायच्या पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर (प्रवाहाला अडथळा करणारे छोटे भाग) घातले असते, तर ५ चे ३.३ झाले असते. मी वायर थेट लावली आणि ती पिन कायमची गेली. नुकसान एका पिनेचे झाले, पण ज्या यंत्रावर माझे वर्षभराचे हिशेब होते त्याच यंत्राच्या पोटात मी हात घालत होतो, हे तेव्हा लक्षात आले.

म्हणून रोजच्या कामासाठी मी एका कार्यालयातून निघालेला जुना मिनी पीसी घेतला. जाडजूड पुस्तकाएवढे हे डबे मोठी कार्यालये ठरावीक वर्षांनी बदलतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर मुख्यतः आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. साहजिकच सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे मोडीत निघतात. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्याचे त्यात काहीच अडत नाही. या दोन पिढ्यांत निवड असेल तर सातवी घ्यावी, कारण यूट्यूबवर सर्रास वापरले जाणारे व्हीपी९ हे व्हिडिओचे रूप ती पिढी हार्डवेअरमध्येच, म्हणजे प्रोसेसरवर भार न टाकता, उलगडते आणि पंखा शांत राहतो.

घेताना मूळ अडॅप्टर सोबत आहे ना आणि बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) आधीच्या मालकाचा पासवर्ड तर नाही ना, एवढे नक्की पाहावे. माझ्या यंत्राचा मागचा एकच स्क्रू काढून झाकण सरकवले, तेव्हा पंख्यावर धुळीची राखाडी गादी होती आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून तिचे पोपडे झाले होते. दोन्ही साफ करून नवी पेस्ट लावल्यावर आवाज निम्म्यावर आला. मदरबोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा चपटा सेलही बदलावा लागला. तो संपला की घड्याळ जुन्या तारखेवर जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात.

ज्यांना जुने नको त्यांच्यासाठी इंटेल एन१०० हा प्रोसेसर असलेले छोटे पीसी आहेत. चार कोअर, वीज कमी, रोजच्या कामाला पुरेसे. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. विजेचा हिशेब मात्र उगाच ताणला जातो. दोन यंत्रांत ६ वॉटचा फरक धरला, तर चोवीस तास चालू ठेवल्यास वर्षाला सुमारे ५३ युनिट होतात; दिवसाला चार तास वापरल्यास नऊसुद्धा नाहीत.

खटपटीसाठी आता २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको आहे; हा पूर्ण संगणक नव्हे, तर एका वेळी एकच छोटा प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड आहे. त्यात फक्त २६४ केबी मेमरी आहे, पण मिनी पीसीला यूएसबीने जोडून मायक्रोपायथॉनमध्ये (छोट्या बोर्डांसाठीच्या पायथॉन भाषेत) लिहिलेला प्रोग्रॅम त्यावर लगेच चालवता येतो. त्याच्याही पिना ३.३ व्होल्टच्याच असल्याने रेझिस्टर सुटत नाहीत. एवढेच, की चूक झाली तर जाते ती सर्वांत स्वस्त वस्तू. कॅमेरा लावायचा असेल किंवा बोर्डावरच लिनक्स हवे असेल, तर पिको पुरत नाही आणि पायलाच पर्याय राहत नाही. माझा जुना पाय ४ त्या कामासाठी ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्या वापरण्याजोग्या २६ पिनांपैकी २५ अजून शाबूत आहेत, आणि सव्विसावीवर मी लाल शाईचा ठिपका देऊन ठेवला आहे.