पठारावरचा वारा आणि खोऱ्यातलं घर

सज्जनगडाच्या पलीकडे ठोसेघरची वाट धरून वर चढलं की चाळकेवाडीचं पठार लागतं, आणि तिथे पवनचक्क्यांच्या रांगा. आम्ही त्याच डोंगराच्या खाली, उरमोडीच्या खोऱ्यात राहतो. त्यामुळे घरावर स्वतःची वीज करायचा विषय निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न हमखास पवनचक्कीचा येतो. धाकट्या दिरांचा तर हट्टच होता. "वहिनी, वर एवढ्या फिरतायत, आपल्याला एक छोटी का नको?"

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे आधीच सांगते. आमच्याकडे वीज जाते ती पावसाळ्यात. जून ते ऑगस्ट फांद्या तारांवर पडतात, खांब वाकतात, कधी कधी दोन-दोन दिवस अंधार. नेमकं तेव्हाच ऊन नसतं, आणि पठारावरचा नैऋत्येचा वारा मात्र त्याच महिन्यांत सगळ्यात जोरात असतो. उन्हाची उणीव वाऱ्याने भरून निघावी, ही कल्पना कागदावर फार सुंदर दिसते. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मलाही ती आवडली होती. पण कर्ज पतसंस्थेचं काढायचं होतं, म्हणून म्हटलं, आधी आपल्या जागेलाच विचारू.

वाऱ्याचं गणित निर्दयी आहे. त्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने बदलते. वेग दुप्पट झाला तर वीज आठपट, वेग निम्मा झाला तर एक अष्टमांश. तीन मीटर व्यासाचं पातं धरा, म्हणजे बाजारात साधारण एक किलोवॅटचं म्हणून मिळणारं यंत्र. वारा सेकंदाला सहा मीटर असेल तर त्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेत आठशे वॅटच्या आसपास शक्ती असते, आणि छोटं यंत्र त्यातले अडीचशे काढून देईल. हवेतल्या शक्तीपैकी जास्तीत जास्त 59.3 टक्केच निघू शकतात, ही बेट्झची मर्यादा निसर्गाचीच आहे. घरगुती यंत्रं तिच्या निम्म्याच्या आसपास राहतात. आता वारा तीन मीटर करा. हवेत उरतात शंभर वॅट, हाताला लागतात तीस. असा वारा दिवसरात्र अखंड वाहिला तरी दिवसाला पाऊण युनिटाच्या आतच. यंत्र दाखवायला आलेला विक्रेता "तीन मीटरला फिरायला लागतं" हे सारखं सांगत होता. फिरायला लागणं वेगळं आणि वीज देणं वेगळं. पाटीवर लिहिलेला एक किलोवॅट बहुतेक वेळा दहा-बारा मीटरच्या वाऱ्याचा असतो. तो प्रश्न प्रत्येकाने तोंडावर विचारायला हवा: हा आकडा किती वेगाला?

मग आमच्याकडे वेग किती? ग्लोबल विंड ॲटलास नावाचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो, त्यात आपलं गाव शोधता येतं. पठार त्यावर उठून दिसतं आणि आमचं खोरं फिकं. पण त्या नकाशातला एक चौकोन 250 मीटरचा असतो. त्याला आमचा आंबा दिसत नाही, गोठा दिसत नाही, मागची सिल्व्हर ओकची रांग दिसत नाही. म्हणून दहा मीटरचा लोखंडी पाइप तारांचे ताण देऊन परसात उभा केला, आणि टोकाला वाट्यांचा वायुवेगमापक बसवला. खाली नोंदी साठवणारा छोटा डबा. शिवाय पाइपवर वेगवेगळ्या उंचीला जुन्या साडीच्या लांब चिंध्या बांधल्या. खर्च म्हणाल तर चिंध्यांचा शून्य, आणि सगळ्यात जास्त शिकवलं त्यांनीच.

वारा चांगला असेल तर चिंधी एका दिशेला ताणून राहते. आमच्या चिंध्या आषाढात वेड्यासारख्या वर, खाली, मागे, पाइपभोवती गुंडाळून परत सुटत होत्या. वारा नव्हता असं नाही. पण दक्षिण-नैऋत्येला डोंगराची भिंत आहे, ती ओलांडून आलेली हवा आमच्यापर्यंत भोवरे होऊन येते. त्यात झाडं, घरं. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या वीसपट अंतरापर्यंत हवा ढवळलेली राहू शकते, आणि वरच्या बाजूला दुप्पट उंचीपर्यंत. म्हणूनच जाणकार सांगतात की दीडशे मीटरच्या परिघात जे काही सगळ्यात उंच असेल, त्याच्याहून पातं निदान नऊ मीटर वर हवं. आमचा आंबा बारा मीटरचा, सिल्व्हर ओक त्याहून उंच. म्हणजे पंचवीस मीटरच्या पुढचा मनोरा, त्याचा पाया, आणि दुरुस्तीसाठी तो आडवा करायला मोकळी जागा. गच्चीवर चार फुटी खांबावर पवनचक्की बसवलेली कुठे दिसली की मला हळहळ वाटते. तिथे ती भोवऱ्यात फिरते, घर थरथरवते आणि बेअरिंग लवकर झिजवते.

वायुवेगमापकाची नोंद जवळजवळ वर्षभर घेतली. हिवाळ्यात सरासरी दोन मीटरच्याही खाली. जुलैत अडीचच्या आसपास, मधूनच मोठे झोत. झोतांचा हिशोब वेगळा करावा लागतो, कारण घन आधी काढायचा आणि सरासरी नंतर. अर्धा वेळ दोन आणि अर्धा वेळ सहा मीटर वारा असेल तर सरासरी चार, चारचा घन 64. पण खरी सरासरी 112 येते. हा हिशोब वाऱ्याच्या बाजूने झुकतो, आणि मी तो मनापासून करून पाहिला. तरी आकडा उभा राहिला नाही. ज्यांना मापक आणणं शक्य नाही त्यांनी नुसतं बघावं: पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी बारा ते एकोणीस किलोमीटर, धूळ आणि कागद उडायला लागले तर वीसच्या पुढे. दिवसातून किती तास धूळ उडते? आमच्याकडे क्वचितच.

आता ऊन. इथे मोजायची गोष्ट एकच, सावली. आणि ती डिसेंबरात मोजायची. आमच्या अक्षांशावर 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य 49 अंशांपर्यंतच चढतो. भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. साताऱ्यात तेव्हा सूर्य सगळ्यात वर यायला साडेबारा होतात, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या 82.5 रेखांशावर लावलेलं आहे. त्या वेळी बारा मीटरच्या आंब्याची सावली साडेदहा मीटर, पण सकाळी साडेनऊला तीच एकवीस मीटर लांब आणि वायव्येकडे. नेमकं तिकडे आमचं घर. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली की नुकसान तेवढ्या कोपऱ्यापुरतं राहत नाही, कारण आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या सेलांना वगळून वीज पुढे नेणारे भाग, थोडं सावरतात, सगळं नाही.

पाहायला आलेल्यांपैकी एकाने सरळ आंबा तोडायला सांगितलं. तो आंबा सासऱ्यांनी लावलेला. आई काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. मी त्या माणसाला निरोप दिला आणि काठी घेऊन अंगणभर सावल्या आखत बसले. उत्तर गोठ्यावर सापडलं. गोठा आंब्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात आंब्याची सावली तिकडे येतच नाही. मे-जूनमध्ये सूर्य दुपारी थोडा उत्तरेला सरकतो, पण तेव्हा तो इतका माथ्यावर असतो की सावली झाडाच्या बुंध्यापाशीच राहते. पत्र्याचा उतारही दक्षिणेकडे. राहिला डोंगर. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट घेऊन त्याची उंची मोजली, नैऋत्येला 18 अंश. म्हणजे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास आमचं ऊन जातं. पण ते शेवटचे दीड तास तसेही कमजोर असतात, तेवढं सोसण्यासारखं आहे.

गोठ्याच्या दोन अडचणी मात्र पक्क्या. जुने लाकडी वासे एकेका पॅनेलचं अठ्ठावीस-तीस किलो वजन आणि वळवाच्या वाऱ्याची उचल झेलणार नाहीत, म्हणून लोखंडी अँगल टाकावे लागणार. आणि गुरांच्या मुताचा अमोनिया. पॅनेल अमोनियाला टिकतं का याची वेगळी चाचणी असते. गोठ्यावर बसवणाऱ्याने ते प्रमाणपत्र मागून घ्यावं.

दोन किलोवॅट पुरतात. उघडिपीत किलोवॅटमागे दिवसाला चार युनिटं धरायची, जुलैत निम्मी. केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान आहे, तीन किंवा त्याहून जास्तीला 78,000. आणि दिरांचा मूळ प्रश्न, पावसाळ्यातला अंधार? साधा सौर इन्व्हर्टर गावची लाइन गेली की स्वतःही बंद होतो, तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यक आहे. म्हणून बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेतोय. मग मी भाऊजींना शेजारी बसवून यादी केली: दिवे, दोन पंखे, फ्रीज, मोबाइल. दोन-अडीच युनिटं. कडबाकुट्टी आणि मोटर त्यातून बाहेर. आषाढातल्या ढगाळ दिवसाची चार युनिटं त्याला पुरून उरतात. पाचशे चाळीस वॅटचं एकच पॅनेल जुलैत दिवसाला साधारण एक युनिट देतं, म्हणजे तीन मीटरच्या वाऱ्यातल्या त्या अख्ख्या पवनचक्कीपेक्षा जास्त. यादी पाहिल्यावर भाऊजींनी स्वतःच पवनचक्कीचं पत्रक मिटलं.

वर, पठाराच्या कडेला घर असतं तर मी उलटं लिहिलं असतं. तिथे झाडं खुरटी, वाऱ्यापुढे आडवं काही नाही, आणि पावसाळ्यात धुकं आठ-आठ दिवस हलत नाही. तिथे छोटी पवनचक्की आणि सौर मिळून खरंच जमू शकतं, फक्त आधी मोजायला हवं. कॉलेजातली माझी एक सहकारी ठोसेघरच्या वर राहते. पाइप, वाट्या आणि नोंदीचा डबा आता तिच्याकडे जातोय. नैऋत्येचा वारा सुरू व्हायच्या आत, मे संपण्यापूर्वी तो तिच्या बांधावर उभा करायचा आहे. चिंध्या मात्र तिने स्वतःच्या शोधाव्यात, आमच्या पार फाटल्या.