मिरी, तीन वर्षं आणि काम्पोट

कंबोडियाला जाणारे आपले बहुतेक लोक अंगकोर वाट बघून परत येतात. मीही ते बघितलं, भारी आहेच, पण माझ्या डोक्यात पहिल्यापासून काम्पोट होतं, कारण आमच्या घरी पोफळीवर मिरवेल चढलेली असते आणि जगातल्या चांगल्या मिरीबद्दल काहीही वाचायला घेतलं की काम्पोटचं नाव येतंच. मग दक्षिणेला समुद्राच्या बाजूला गेलो, काम्पोट आणि शेजारचा केप प्रांत, मस्त लाल माती, मागे डोंगर, थोडं आपल्या सिंधुदुर्गासारखंच वाटतं.

आधी थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फ्रेंचांच्या काळात इथली मिरी फ्रान्सला जायची, तिथल्या स्वयंपाकघरात तिला मान होता. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूजनी, म्हणजे तिथल्या कट्टर कम्युनिस्ट बंडखोरांनी, राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली, शहरं रिकामी केली, अख्ख्या देशाला शेतावर हाकललं आणि सगळीकडे एकच हुकूम, भात पिकवा, हेक्टरी तीन टन. मिरी खाऊन पोट भरत नाही, म्हणून मिरीच्या बागा गेल्या. पावणेचार वर्षांत साधारण 17 लाख लोक मेले, उपासमारीने, रोगाने, कामाने, गोळ्या घालून, कुदळीने. आणि ज्या देशात सगळ्यांना भात पिकवायला लावला तिथेच लोक भाताविना मेले, हे मला अजून पचत नाही.

1979 ला ती राजवट पडली पण लढाई संपली नाही, ती पुढे जवळजवळ वीस वर्षं चालू राहिली. केपजवळ फ्नॉम वोअर नावाचा डोंगर आहे तिथे ख्मेर रूजचा तळ होता, 1994 मध्ये काम्पोट प्रांतात ट्रेनवर हल्ला करून तीन परदेशी प्रवाशांना त्याच डोंगरावर नेलं आणि नंतर मारलं. आज त्याच फ्नॉम वोअरच्या परिसरात मिरीच्या बागा आहेत. मी तिथे उभा होतो, वेलींना हिरवे घोस लागलेले, आणि हे आठवून खरंच पोटात कालवलं.

आता मिरी कशी असते बघा. वेल लावली की पहिली वर्षं ती फक्त घेते, पाणी, खत, सावली, मजुरी, आणि बरं पीक यायला तिसरं वर्ष तरी उजाडतंच. युद्धात कोण लावणार असलं झाड? तेव्हा माणूस मुळा लावतो, भोपळा लावतो, जे पटकन हाताला लागेल ते. नव्वदच्या दशकात जी कुटुंबं आपल्या जुन्या जमिनीवर परत आली आणि उरलेल्या वेलींचे छाट लावून परत सुरुवात केली त्यांनी किती मोठी पैज लावली याचा विचार करा. तीन वर्षांनी आपण इथेच असू, जमीन आपलीच असेल, कोणी हाकलणार नाही, एवढं सगळं त्या एका छाटात धरलेलं होतं. आशा म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

एका मावशींच्या बागेत गेलो होतो, बाग छोटी, एकरभरही नसेल. गाईड मुलगी भाषांतर करत होती. मावशींनी सगळं हाताने दाखवलं. आपल्याकडे वेल पोफळीवर, नारळावर चढवतो, तिथे लाकडाचे उंच खांब रोवतात आणि कोवळ्या वेलींवर ताडाच्या झावळ्यांची सावली करतात. वर्षातून एकदा बुंध्याला नवीन माती घालायची, शेणखत, आणि वटवाघळांच्या विष्ठेचं खत, ते इथे फार मोलाचं मानतात. किडीला कडू पाल्याचा अर्क. केमिकल खत नाही, केमिकल औषध नाही. मी विचारलं की पाऊस जास्त झाला आणि मूळ कुजायला लागलं तर? (हा आमचा घरचा प्रॉब्लेम, मर लागली की वेल बघता बघता पिवळी पडून जाते.) त्या म्हणाल्या चर खणायचा, पाणी थांबूच द्यायचं नाही, आणि गेलेली वेल मुळासकट काढून लांब नेऊन जाळायची. उन्हाळ्यात मात्र प्रत्येक वेलीला पाणी घालावं लागतं, त्यासाठी बागेशेजारी तळं खणलेलं.

युद्धाबद्दल मी काही विचारलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं की ही बाग वडिलांची होती, आणि पुढच्या वेलीकडे गेल्या.

तोडणी फेब्रुवारीपासून मेपर्यंत. एकाच वेलीची हिरवी, काळी, लाल, पांढरी अशी मिरी होते. लाल म्हणजे पूर्ण पिकलेले दाणे, ते निवडून तोडायचे, आणि पांढरी म्हणजे त्यांचीच साल काढलेली. वाळल्यावर बायका टेबलाशी बसून चिमट्याने एकेक दाणा निवडतात. बघून मान दुखते.

पण नुसत्या मेहनतीने भाव मिळत नाही हे आपल्यालाही माहीत आहे. इथे जे झालं ते असं की शेतकऱ्यांनी असोसिएशन काढली, नियम लिहिले, सेंद्रियच करायचं ठरवलं, आणि 2010 मध्ये काम्पोट मिरीला जीआय मिळालं (म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं), देशातल्या पहिल्या दोनपैकी एक, दुसरं काम्पोंग स्पू प्रांताच्या ताडगुळाला. 2016 ला युरोपियन युनियननेही मान्यता दिली. भाव असोसिएशन ठरवते, काळ्या मिरीला किलोला साधारण 15 डॉलर, लाल आणि पांढरीला त्याहून बराच जास्त. कंबोडियातच दुसऱ्या भागांत लोकांनी भाव चढा बघून नुसती मिरीच मिरी लावली, मग जगभर भाव कोसळले आणि ते कर्जात गेले. काम्पोटवाले त्यात टिकले.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. 2024 च्या उन्हाळ्यात भयंकर उष्णता झाली आणि कितीतरी वेली वाळल्या, फळ धरलंच नाही. मावशींच्या बागेतही एक अख्खी ओळ रिकामी होती, नुसते खांब. त्या ओळीत नवीन छाट लावलेले होते, वर ताजी झावळी.

मला आपल्याकडचं सारखं डोक्यात येतं. मिरी मूळची आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातली. हापूसला जीआय आहे, कोकमाला आहे, वेंगुर्ल्याच्या काजूला आहे, पण मिरी आमच्याकडे अजून पोफळीबरोबरचं वरचं उत्पन्न म्हणूनच बघतात, व्यापारी येईल तो भाव. जमीन आपली, घर शाबूत, पाऊस भरपूर, आपल्याला कोणी हाकललेलं नाही. दहाबारा बागायतदारांनी मिळून एकच पद्धत, एकच नियम आणि एकच भाव धरला तर का होणार नाही? सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ बाजूला कोणी सेंद्रिय मिरी करत असेल तर मला कळवा, या पावसाळ्याच्या आधी एकदा भेटू, मी चर खणायचं काम आत्ताच काढलंय.