तापी उजवीकडून डावीकडे: नकाशाच्या पानाची प्रगती

तापी नदीची वाट नकाशावर दाखवणारं एक वेब पान मी बनवते आहे. मागच्या वेळी त्याचा नुसता आराखडा होता. आता ते फोनवर चालतं, लॅपटॉपवर चालतं, आणि पान सरकवत गेलं की मुलताईला उगवलेली नदी चांगदेव, हतनूर, सारंगखेडा करत प्रकाशापर्यंत येते. पुढे उकाईचं धरण आणि सुरत आहे, पण नदी ७२४ किलोमीटरची आणि माझी सुट्टी एवढीशी. म्हणून खान्देश संपला तिथे रेघ फिकी करून सोडून दिली आहे.

नव्याने आलेल्यांसाठी: मी अमळनेरची, शिकते कॉमर्स, वेब डिझाइन हा नाद. 'अमळनेरात बसून कसलं डिझाइन?' असं कुणी विचारलं की मी १९४५ साल सांगते. विप्रो त्या वर्षी इथेच, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली. वाद तिथे मिटतो, कोड काही त्याने लिहून होत नाही.

या वेळचा बहुतेक वेळ एकाच प्रश्नात गेला, तो म्हणजे दिशा. स्क्रोलवर गोष्ट सांगणाऱ्या पानांचे जेवढे व्हिडिओ बघितले तेवढ्यांत गोष्ट डावीकडे सुरू होऊन उजवीकडे जाते. आपण वाचतो तसंच, म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण तापी पश्चिमवाहिनी. उत्तर वर धरून नकाशा काढला की मुलताई उजव्या टोकाला येते आणि समुद्र डाव्या टोकाला. तयार उदाहरणात नुसती नावं बदलून आजीसमोर धरलं, तर ती क्षणभर बघून म्हणाली, "हाई नदी उलटी कशी चालनी?" तिने नकाशा कधी हातात धरलेला नाही. पण सूर्य कुठे मावळतो आणि तापी कुठे जाते हे तिला पक्कं माहीत आहे.

मग नकाशाच आरशासारखा उलटा करायचा का? एका मित्राने तसं सुचवलंही. पण मग जळगाव धुळ्याच्या पश्चिमेला जातं. नकाशा आहे तसाच ठेवून पान उजवीकडून डावीकडे न्यायचं ठरवलं.

पहिला उपाय म्हणून आडव्या स्क्रोलच्या डब्याला (म्हणजे नकाशा ज्यात सरकतो त्या चौकटीला) उर्दू-अरबी पानांसारखी उजवीकडून सुरू होणारी दिशा दिली. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, 'डिरेक्शन: आरटीएल'. पान बरोबर मुलताईपाशी उघडतं. तिथून डावीकडे गेलं की स्क्रोलचा आकडा शून्यातून उणे होत जातो, हे ठाऊक नसेल तर सगळी गणितं उलटी पडतात. शिवाय आतल्या मराठी मजकुराचे पूर्णविराम वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. त्यासाठी आतल्या प्रत्येक मजकुराच्या चौकटीला पुन्हा डावीकडून उजवीकडची दिशा द्यावी लागते.

तेवढं झालं, लॅपटॉपवर ठीक चाललं, पण फोनवर खरी गंमत झाली. नदी पश्चिमेला न्यायची तर बोट डावीकडून उजवीकडे ओढावं लागतं. लोक ते ओढतात अगदी काठापासून. अँड्रॉइडवर जेश्चर (बटणांऐवजी बोट ओढून फोन चालवणं) चालू असतील तर काठावरून आत ओढणं म्हणजे 'मागे जा'. वाचणारा वाघूरच्या संगमाला पोचायच्या आधीच पानाबाहेर.

म्हणून आडवा स्क्रोल सोडला. आता बोट नेहमीसारखं वर-खालीच चालतं आणि नकाशा आडवा सरकतो. बाहेरची चौकट पडद्याच्या काही पट उंच, तिच्या आत नकाशा 'स्टिकी', म्हणजे पान सरकलं तरी पडद्यावर चिकटून राहणारा, आणि चौकट किती सरकली त्या प्रमाणात नकाशा उजवीकडे ढकलायचा, की डावीकडचा प्रदेश समोर येतो. इथे एक खाच आहे, ती लिहून ठेवा. वरच्या कुठल्याही डब्याला 'ओव्हरफ्लो: हिडन' (बाहेर येणारा भाग लपवा) असेल तर स्टिकी गुपचूप बंद पडतं आणि कन्सोलमध्ये, जिथे ब्राउझर चुका दाखवतो, चकार शब्द येत नाही. 'हिडन'च्या जागी 'क्लिप' लिहिलं की चालतं. क्रोम ११५ पासून हे सरकवणं नुसत्या सीएसएसने, स्क्रोल-टाइमलाइनने करता येतं. पण सगळ्या ब्राउझरांत ते अजून सारखं चालत नाही, म्हणून मी जावास्क्रिप्टच, म्हणजे ब्राउझरात चालणारा कोडच, ठेवली.

नदीची रेघ एसव्हीजीची, म्हणजे कोडमध्ये रेघांनी लिहिलेल्या चित्राची आहे. तुकड्या-तुकड्याने उमटणारी रेघ म्हणजे मुळात तुटक रेघच असते. तिचा एकच तुकडा पूर्ण लांबीचा करायचा आणि तो हळूहळू पुढे सरकवायचा. लांबी मोजायची कटकट नको असेल तर पाथला (त्या रेघेला) 'पाथलेंग्थ' हा गुण देऊन तो १ करा. मग शून्य ते एक एवढंच गणित उरतं. रेघ ज्या टोकापासून काढली त्याच टोकापासून उमटते, म्हणजे इथेही दिशा आलीच. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढलेल्या उपनद्यांपैकी निम्म्या तापीतून निघून डोंगरात जात होत्या. शेवटी हाताने काढणंच बंद केलं आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून नद्या उतरवून घेतल्या. तिथला नियम मला फार आवडला: नदी नेहमी प्रवाहाच्या दिशेनेच आखायची. पूर्णा, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई, सगळ्या आपापल्या उगमापासून निघून नीट तापीत येऊन मिळाल्या. फाइल भलीमोठी होती, ती मॅपशेपर या नकाशे सोपे करणाऱ्या साधनात टाकून वळणं कमी केली. बोरी मात्र थोडी जास्तच वळणांची ठेवली आहे, आमच्या गावची नदी म्हणून. पानाच्या तळाशी ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदात्यांचा उल्लेख करायला विसरू नका, ती परवान्याची अट आहे.

एक जागा अजून खटकते. तापीचा उजवा तीर म्हणजे सातपुड्याकडचा, उत्तरेचा. तो पडद्यावर वरच्या बाजूला येतो, डावा तीर खाली. मजकुरात 'उजव्या तीरावरून अनेर येते' असं लिहिलं की लोक पडद्याच्या उजवीकडे बघतात. सध्या 'सातपुड्याकडून अनेर येते' असं लिहिलंय. भूगोलाच्या बाईंना पटणार नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.

देवनागरीचं थोडक्यात सांगते, कारण यावर आपलं आधी बोलणं झालंय. पानाची भाषा 'एमआर' (मराठी) लिहा, 'एचआय' (हिंदी) नको. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. शीर्षकाला अक्षरांमधली जागा वाढवून देऊ नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मी १.७ ठेवलं आहे, त्यापेक्षा कमी केलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. एकेक अक्षर उडत येणारी शीर्षकं इंग्रजीत छान दिसतात. आपल्याकडे 'सातपुड्याच्या' हा शब्द तसा फोडला तर पडद्यावर नुसते काने आणि हलंत नाचतात. ब्राउझरातच अक्षरं नीट तोडणारं इंटल-सेगमेंटर नावाचं साधन आहे, पण जुन्या ब्राउझरात तेही जोडाक्षर मधून कापतं. मी शब्द शब्द आणते. खरं सांगायचं तर अक्षरं उडवण्याची हौसच फिटली. आकड्यांची मात्र मजा आहे: आकडा छापताना 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) दिलं की ब्राउझर स्वतःच देवनागरी अंक आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम घालून देतो.

आता चाचणी. चोपड्याकडे आप्पांची केळी आहे. तिथे भर उन्हात, बांधावर उभं राहून पान उघडायला सांगितलं. घरात देखणी दिसणारी फिकट निळी अक्षरं बांधावर दिसेचनात. त्या रंगाची पार्श्वभूमीशी तफावत ४.५:१ होती, म्हणजे सुगम्यतेच्या (पान सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या) नियमात बसणारी. पण तो नियम लिहिणाऱ्यांनी खान्देशातला मे महिना कशाला बघितला असेल! आता मजकूर जवळजवळ काळा आहे, तफावत ७:१ च्या वर, आणि निळा रंग फक्त पाण्याला.

आप्पांनी दुसरीही गोष्ट दाखवली, न सांगता. त्यांचं बोट गिरणेवर पडायचं, पण रेघ बारीक, त्यामुळे काहीच घडायचं नाही. सुगम्यतेचा नियम दाबायच्या जागेला किमान २४ पिक्सेल म्हणतो, पण शेतात राबलेल्या बोटाला तेही कमीच. म्हणून प्रत्येक उपनदीवर ४४ पिक्सेल जाडीची, पूर्ण पारदर्शक अशी दुसरी रेघ पांघरली. दिसते बारीक, लागते जाड. संगमाजवळ दोन जाड रेघा एकमेकींवर चढतात, तिथे लहान उपनदीची रेघ वर ठेवायची, नाहीतर तापी सगळे स्पर्श गिळते.

आजीचा प्रश्न वेगळाच होता. नावांकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हाई दाबू का वं?" दाबता येतं हे दिसतच नव्हतं. आता दाबता येणाऱ्या नावाखाली रेघ आणि शेजारी भरीव ठिपका आहे. हतनूरवर टॅप केलं की धरणाचे ४१ दरवाजे एकामागून एक उघडतात. हा सगळ्या पानातला सर्वांत फालतू आणि सर्वांत लोकप्रिय भाग ठरला. पोरं तेवढंच करत बसतात. ज्यांच्या फोनवर अ‍ॅनिमेशन कमी करण्याची सेटिंग चालू आहे त्यांना मात्र दरवाजे थेट उघडलेलेच दिसतात. नकाशाही सरकण्याऐवजी एकाखाली एक चित्रांत येतो. ही सोय आधी करून ठेवा, शेवटी करायला गेलं तर सगळा कोड उसवावा लागतो.

आवाजाचं काम अर्धवट आहे. प्रत्येक संगमावर अहिराणीत दोन-तीन वाक्यं ऐकू यावीत असा बेत आहे. पान उघडताच आवाज सुरू होऊ शकत नाही, ब्राउझर आधी वाचणाऱ्याचा स्पर्श मागतो. ते चांगलंच आहे. म्हणून 'ऐका' असं साधं बटण ठेवलं. आजीची बोरीवरची वाक्यं घेतली, पण पंख्याची घरघर त्यात आली. उन्हाळ्यात पंखा बंद करायला सांगणं हा अत्याचार आहे, त्यामुळे पहाटे पुन्हा घेणार.

प्रकाशाचा भाग अजून रिकामा आहे. तिथे गोमाईचा संगम आणि दक्षिण काशी म्हणून ओळखली जाणारी देवळं येतील. मंडळींपैकी कुणी शहादा-तळोद्याकडचं असेल, तर दोन मदती हव्यात: तिकडच्या बोलीतला अर्ध्या मिनिटाचा आवाज, आणि कमी रेंज असलेल्या जागी पान उघडायला किती वेळ लागतो ते. फोन जितका जुना तितका बरा.