शेजारचं रेशन अडकलं तर

अमेरिकेत २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत केंद्र सरकारचा कारभार ठप्प होता. खर्चाला मंजुरीच मिळत नव्हती. नोव्हेंबर लागला तसं सरकारी अन्नसाहाय्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची मदत अडकली आणि घराघरांत डबे रिकामे व्हायला लागले. आपल्याकडे अंदाजपत्रक लांबलं तर लेखानुदानावर, म्हणजे खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, काम चालतं, सरकार असं बंद पडत नाही. पण मुंबईतल्या गोवंडीत किंवा मालवणीत एखाद्या घराचं रेशन बंद व्हायला एवढं मोठं काही घडावंच लागत नाही. रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या ई-पॉस मशीनचं सर्व्हर डाऊन असतं, दुकानदार कमिशनसाठी संपावर जातात, गोदामातून माल उशिरा सुटतो, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिली म्हणून कार्डावरची दोन नावं बंद होतात. कारण काहीही असो, त्या महिन्यात स्वयंपाकघरात खडखडाट होतो. म्हणून मुंबईत शेजाऱ्यांना हाताशी धरून काय करता येतं, ते इथे सविस्तर लिहितो आहोत.

आधी हिशेब समजून घ्या. अन्न सुरक्षा कायद्याखाली (२०१३) प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि सगळ्यांत गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांच्या प्राधान्य कार्डावर २० किलो येतं. भाजीपाला बेताचाच असलेल्या आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्या घरात माणशी रोज ३५० ग्रॅम धान्य सहज लागतं, म्हणजे चौघांना महिन्याला ४० किलोच्या पुढे. याचा अर्थ रेशन चालू असतानाही अर्धा महिना बाजारातून घ्यावंच लागतं. ते २० किलो हुकलं की साधा तांदूळ-गहू घेतला तरी सात-आठशे रुपयांचा खड्डा पडतो. तो भरण्यासाठी भाडं किंवा लाइटबिल कुणी थांबवू शकत नाही. डाळ, तेल आणि दूध मात्र कमी करता येतं, आणि तेच आधी कमी होतं.

मदत करणाऱ्यांनी हीच गोष्ट लक्षात ठेवायला हवी. देणारे बहुतेक वेळा तांदूळ आणि पीठच आणून देतात. रेशन पूर्ण बंद असेल तर ते बरोबर आहे. पण रेशन अर्धं मिळालं असेल किंवा आठवडाभराने मिळणार असेल, तर डाळ, तेल, शेंगदाणे आणि कांदे-बटाटे दिलेले जास्त उपयोगी पडतात. चार घरी चौकशी करून ठरवा, सगळ्यांना एकच पिशवी देऊ नका.

गरज कुठे आहे, ते विचारून सहसा कळत नाही. चाळीत काय किंवा एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये काय, "आमच्याकडे धान्य संपलंय" असं कुणी दारात येऊन सांगत नाही. ते आधी वाण्याला कळतं. रोज अर्धा किलो तांदूळ सुटा नेला जातो, तेलाची पिशवी बंद होऊन दहा-वीस रुपयांचं तेल जातं, चहापत्ती नेली जाते पण दूध नेलं जात नाही, उधारीची वही भरते आणि मग ते गिऱ्हाईक येईनासंच होतं. शेवटची खूण सगळ्यांत काळजीची. दुकानात येणं थांबलं म्हणजे उधारीही थांबली. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायका यांनाही अंदाज असतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत जास्त लक्ष ठेवा. शाळेतला पोषण आहार बंद असतो आणि प्रत्येक मुलामागे घरात एक जेवण वाढतं.

म्हणूनच मदतही वाण्यामार्फतच द्यावी असं आमचं ठाम मत आहे. पद्धत सोपी आहे. आठ-दहा घरांनी मिळून पैसे काढायचे आणि ते ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे आगाऊ ठेवायचे. प्रत्येक कुटुंबाच्या नावाने नव्हे, नंबराने चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर रक्कम, तारीख आणि काय घेता येईल ते लिहायचं: धान्य, डाळ, तेल, मीठ-मसाला, साबण. चिठ्ठीवर गुटखा-सिगारेट मिळणार नाही आणि उरलेली रक्कम रोख परत मिळणार नाही, हे दुकानदाराशी आधीच ठरवा. चिठ्ठीची मुदत सात दिवस ठेवा. दर आठवड्याला वापरलेल्या चिठ्ठ्या आणि वही समोर ठेवून हिशेब जुळवा. गिऱ्हाईक नेहमीसारखं दुकानात येतं, हवं ते घेतं आणि पिशवी घेऊन जातं. रांग नाही, फोटो नाही. फोटो तर काढूच नका, देणाऱ्याने मागितला तरी.

यात एक गोष्ट हमखास बिघडते: दुकानदार चिठ्ठीची रक्कम जुन्या उधारीत वळती करून घेतो. त्याचंही चुकत नाही, त्याचे पैसे अडकलेले असतात. पण घरात त्या दिवशी काहीच जात नाही. म्हणून नवी खरेदी आणि जुनी बाकी वेगळी ठेवायचं आधीच बोलून घ्या आणि जमलं तर बाकीतले दोन-पाचशे वेगळे भरा. थोडी बाकी फिटली की दुकानदार स्वतःहून पुन्हा उधार देतो.

वस्तूच द्यायच्या असतील तर दोन मोठी माणसं आणि दोन मुलं धरून आठवड्याचं माप असं: तांदूळ ६ किलो, पीठ ४ किलो, डाळ दीड किलो, तेल १ लिटर, कांदे २ किलो, बटाटे २ किलो, शेंगदाणे अर्धा किलो, साखर अर्धा किलो, मीठ अर्धा किलो, चहापत्ती १०० ग्रॅम, मिरचीपूड १०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि एक साबण. गहू देऊ नका. दळणाला पैसे लागतात आणि गिरणीत खेप घालावी लागते. तूर शिजायला वेळ खाते आणि गॅस संपत आलेल्या घरात ते परवडत नाही. मसूर किंवा मुगाची डाळ कुकर नसला तरी वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. पावसाळ्यात पिठाला लवकर जाळी धरते, तेव्हा महिन्याचं पीठ एकदम न देता आठवड्याचंच द्या. घाऊक घ्यायचं तर वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) पोतं स्वस्त पडतं, पण टेम्पोचं भाडं आणि हमाली धरून बघा. पंचवीस-तीस घरांच्या आत असाल तर गल्लीतला वाणीच बरा.

ज्यांच्याकडे चूलच नाही, त्यांना कोरडा शिधा कामाचा नाही. एका खोलीत आठ-दहा जण राहणारे कामगार बहुतेक खाणावळीवर जेवतात. तिथे खाणावळवाल्या मावशींकडे त्यांचे आठवड्याचे पैसे भरणं सगळ्यांत सरळ. तेही जमत नसेल तर खिचडी करा. १०० ताटांसाठी तांदूळ ८ किलो, मूगडाळ ४ किलो, बटाटे ५ किलो, कांदे ४ किलो, शेंगदाणे १ किलो, तेल दीड लिटर, हळद ५० ग्रॅम, पाणी ४० ते ४५ लिटर. मीठ आधी ३५० ग्रॅमच घाला आणि चव बघून वाढवा. टोप ८० लिटरचा घ्या, लहान घेतला तर ढवळता येत नाही आणि खिचडी खाली लागते. लागलीच तर तळ खरवडू नका, वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढा. पाणी वेगळं उकळून घाला. टोपात थंड पाणी ओतलं की तांदूळ अर्धा कच्चा आणि अर्धा गाळ होतो.

शिजल्यापासून दोन तासांत खिचडी वाटून संपली पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत कोमट भातात जंतू झपाट्याने वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्यामुळे उरलेली खिचडी रात्रीला ठेवायची नाही. पन्नास ताटांची खात्री असेल तर पन्नासचीच करा.

हे सगळं चालू असताना अडकलेलं रेशन सोडवणंही तितकंच महत्त्वाचं, कारण महिना संपला की मुदतवाढ जाहीर झाल्याशिवाय त्या महिन्याचा कोटा सहसा बुडतो. कार्डाचा बारा अंकी नंबर घ्या आणि दुकानात मशीनवर काय दिसतं ते बघा. एकाच दुकानाची अडचण असेल तर दुसऱ्या दुकानात अंगठा देऊन माल घेता येतो, दुकान ठरावीकच हवं असं नाही. उत्तर प्रदेश-बिहारच्या कार्डावरही मुंबईत धान्य मिळतं. मात्र गावाकडे घरच्यांनी पूर्ण कोटा उचलला असेल तर इथे काही उरत नाही, तेव्हा आधी गावी फोन करायला सांगा.

नाव ई-केवायसीमुळे बंद असेल तर ती कोणत्याही रेशन दुकानात होते. भांडी घासणाऱ्या आणि बांधकामावरच्या माणसांचे ठसे झिजलेले असतात. हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं लावून बघा, नाहीतर डोळ्यांचं स्कॅनर असलेलं दुकान शोधा. मुलांच्या बाबतीत वेगळीच मेख असते. पाच वर्षांनंतर आधारमध्ये बोटांचे ठसे नोंदवले नसतील तर ई-केवायसी होतच नाही, म्हणून आधी आधार केंद्र गाठावं लागतं.

दुकानदार माल असून देत नसेल तर १९६७ किंवा १८००२२४९५० वर तक्रार नोंदवा आणि शिधावाटप कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे, तिचा उल्लेख अर्जात करा. सहा महिने ते सहा वर्षांचं मूल, गरोदर किंवा स्तनदा आई घरात असेल तर त्याच दिवशी अंगणवाडीत नाव घाला. तिथे रेशनकार्ड लागत नाही.

रेशन सुरू झालं म्हणून चिठ्ठ्या लगेच बंद करू नका. मधल्या काळात उधारी आणि हातउसने पैसे साचलेले असतात, आणि पहिला पगार त्यातच जातो. आणखी दोन आठवडे निम्म्या रकमेची चिठ्ठी द्या, त्यावर फक्त डाळ आणि तेल.