लेकीचं नर्सिंग आणि चार वर्षांचा हिशेब

नर्सिंगला किती खर्च येतो असं विचारलं की प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, आणि गंमत म्हणजे सगळे खरंच सांगत असतात. कुणी नुसती ट्यूशन फी सांगतो, कुणी हॉस्टेल धरून, कुणी मॅनेजमेंटच्या सीटचा भाव. 2024 ला माझी लेक बारावी सायन्स झाली तेव्हा हा घोळ निस्तरण्यातच आमचा उन्हाळा गेला. मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे, आमचे हे शिवणकाम करतात, जमीन आहे ती कोरडवाहू. एका कॉलेजात फी भरून पुढच्या वर्षी दुसरं बघू, ही चैन आम्हाला परवडणारी नव्हती.

आधी कोर्स ठरवायचा होता. एएनएम (सहायक नर्सचा कोर्स) दोन वर्षांचं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन, बीएस्सी नर्सिंग (डिग्री) चार. सासूबाईंचं म्हणणं, एएनएम करू दे, आपल्या सिस्टरबाईंसारखी जवळपास नोकरी लागेल. मला जीएनएम बरं वाटत होतं, एक वर्ष कमी म्हणून. आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम स्वतः बीएस्सी नर्सिंग झालेल्या आहेत. लसीकरणाच्या दिवशी गर्दी ओसरल्यावर त्यांनी जुन्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूला गणित मांडून दाखवलं. जीएनएमनंतर डिग्री हवी असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सीची आणखी दोन वर्षं, म्हणजे एकूण पाच. शिवाय एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएस्सी झालेली मुलगी नोंदणी झाली की बसू शकते, जीएनएमवालीला मात्र निदान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे विषय संपला. अर्थात जीएनएमला मी नावं ठेवणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये नंबर लागत असेल आणि पाठीमागे धाकटी भावंडं शिकत असतील तर मीच म्हणेन, घ्या. बारावी आर्ट्सची असेल तर बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, त्यामुळे तिथेही जीएनएमच बरं.

मध्येच एक एजंट घरी येऊन गेला. शेजारच्या राज्यातलं कॉलेज, चार वर्षांचं पॅकेज, सीईटीची कटकट नाही, आणि हजेरीचं म्हणे ‘बघून घेऊ’. हजेरीचं बघून घेणाऱ्या कॉलेजातली नर्स उद्या माझ्या गावच्या बाळंतिणीला सलाइन लावणार! चहा पाजून वाटेला लावलं.

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. परीक्षा ऑनलाइन, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगची अभियोग्यता असे भाग. लेकीला मार्क बरे पडले, पण मुंबईचं जेजे किंवा पुणे-नागपूरचं सरकारी कॉलेज मिळण्याइतके नव्हते. यादीत ती कॉलेजं तरी आम्ही सगळ्यात वर टाकली, कारण पसंतीक्रम भरायला पैसे पडत नाहीत. खरी डोकेफोड खालच्या खासगी कॉलेजांच्या क्रमाची होती.

शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार मंजूर फी दिसते. पुतण्याने मोबाइलवर ती काढून दिली आणि मी आशा डायरीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. त्याच सुमारास, जुलै 2024 मध्ये, मुलींच्या फीमाफीचा शासन निर्णय आला. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. अट एवढीच की प्रवेश सीईटी कक्षाच्या सरकारी फेरीतून हवा. मॅनेजमेंटची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती सीट घेतली की माफी गेली, अभिमत विद्यापीठालाही ती नाही. आम्ही ओबीसीत येतो, त्यामुळे माझे सगळे रकाने उलटेपालटे झाले. ज्या कॉलेजची ट्यूशन फी सगळ्यात कमी म्हणून ते वर ठेवलं होतं, तेच आता महाग पडायला लागलं. कारण माफ न होणारे आकडे तिथे जास्त होते: हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, युनिफॉर्म, शिवाय वॉर्डाच्या पोस्टिंगला नेणारी बस. त्यांचं रुग्णालय होतं कॉलेजपासून चांगलंच लांब, आणि बसचे पैसे वर्षाला हजारांत. ज्याची ट्यूशन फी वाचून आम्ही डायरीत काट मारली होती, त्याचं रुग्णालय त्याच आवारात.

मग आम्ही मायलेकी कॉलेजं बघायला निघालो. खरं तर रुग्णालयं बघायला. इमारत, लॅबमधले पुतळे, कॉम्प्युटर सगळे हौसेने दाखवतात. मी म्हणायचे, मला लेबर रूम दाखवा. एका ठिकाणी 100 खाटांचा बोर्ड होता, पण सकाळी अकराला वॉर्डात चादरी अशा ताणून घातलेल्या की त्यावर कुणी झोपलंय असं वाटेना. सलाइनचे स्टँड कोपऱ्यात एकात एक अडकवून ठेवलेले. इन्चार्ज सिस्टरना विचारलं, महिन्याला डिलिव्हरी किती होतात? त्या क्लार्ककडे बघायला लागल्या. गरोदर बायकांना घेऊन मी इतकी वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतेय; चालत्या लेबर रूमला एक वास असतो, तो तिथे नव्हता. या मुलींना बाळंतपणं स्वतः करून नोंदवहीत भरायची असतात. इथे पेशंट नाही म्हणजे दुसरीकडे नेणार, म्हणजे पुन्हा बस, पुन्हा पैसे, नाहीतर नुसत्याच भरलेल्या वह्या.

दुसऱ्या ठिकाणी, डायरीत काट मारलेल्या त्या ट्रस्टच्या कॉलेजात, ओपीडीबाहेर चपलांचा ढीग, व्हरांड्यात नातेवाइकांचे डबे, आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली एका आजोबांना धरून चालवत होत्या. मी त्यांनाच बाजूला घेऊन मेसचं, सुट्टीचं आणि दंडाचं विचारलं. ऑफिसात जे कळत नाही ते तिथे कळतं. वॉर्डला उशीर झाला तर दंड आहे, मेसला पोळ्या कच्च्या असतात, पण शिकवायला मॅडम वॉर्डात सोबत येतात. एवढं मला पुरलं. ते कॉलेज खासगीत एक नंबरला टाकलं आणि तेच मिळालं.

कागदांचं थोडक्यात सांगते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता. यातलं वैधतेचं काम अकरावीतच सुरू करा, ते सेतूतून दोन दिवसांत होणारं काम नाही.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर सांगितलं, आत्ता फी भरा, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे पैसे आले की परत देऊ. मी शासन निर्णयाची प्रिंट सोबत नेली होती. क्लार्क म्हणाला, ‘ताई, आम्हाला अजून तसा आदेश नाही.’ मी म्हटलं, मग तसं लेखी द्या, मी वर विचारते. तो आत जाऊन आला. शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाला तर फी आम्ही भरू, असं हमीपत्र घेतलं आणि फक्त बाकीची रक्कम भरून घेतली. आवाज चढवावा लागला नाही, पण प्रिंट नसती तर आमच्या ह्यांनी मशीन गहाण टाकलं असतं.

आता खर्च म्हणाल तर हॉस्टेल आणि मेसच मोठा. पांढरे दोन युनिफॉर्म ह्यांनी घरीच शिवले, कॉलेजने ठरवलेल्या दुकानाच्या निम्म्यात. ऑफिसने कापड आणि माप बघून चालवून घेतलं. पुस्तकं सीनियर मुलींकडून घेतली. महाडीबीटीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा असतो, तो भरल्याची पावती मी फोटो काढून ठेवते. पुढे मनोरुग्णालयाची पोस्टिंग असते. त्यासाठी मुली काही दिवस बाहेरगावी राहतात, आणि तिथलं राहणं-जाणं फीत धरलेलं नसतं असं सीनियर मुलींकडून कळलं. म्हणून त्याचे किती घेणार ते ऑफिसला अर्ज देऊन विचारलंय, आणि उत्तर लेखी मागितलंय.