अर्धाच गुडघा का बदलला?

कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणाऱ्या मंडळींपैकी कोणी ना कोणी मला आठवड्यातून एकदा तरी विचारते, "बाई, एकदाच काय तो पूर्ण गुडघा का नाही बदललात? अर्धा टिकणार तरी किती?" प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

गुडघ्याला तीन कप्पे असतात : आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. माझा फक्त आतला झिजला होता. तेवढाच बदलल्यामुळे बाकीची गादी (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) आणि लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे बंध) शाबूत राहिली, आणि सहा वर्षांनंतरही जिना उतरताना गुडघा मला माझाच वाटतो.

टिकण्याविषयीची तुमची शंका निराधार नाही. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या सांधेबदलाच्या नोंदींवरून, पंचवीस वर्षांनी सुमारे ८२ टक्के पूर्ण आणि ७० टक्के अर्धे सांधे टिकतात असे दिसले. मात्र अर्धा बदललेला गुडघा पुढे पूर्ण करणे तुलनेने सोपे असते. त्यामुळे थोडे दुखले तरी तो निर्णय लवकर घेतला जातो, हेही या आकड्यांत मिसळलेले आहे.

माझ्या मते खरा निकाल शस्त्रक्रियेच्या आधीच बराचसा ठरतो. एक्स-रेमध्ये हाडावर हाड टेकलेले असावे, पुढचे क्रुशिएट लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध) धड असावे, आणि संधिवात आमवाताच्या जातीचा नसावा. गादी अर्धवटच झिजलेली असताना केवळ वेदना फार आहेत म्हणून घाईने शस्त्रक्रिया केली, तर नंतरही दुखत राहण्याची शक्यता वाढते. माझे वजन तेव्हा ८४ किलो होते आणि त्याची मला धास्ती होती, कारण अर्धा गुडघा कोणाला चालेल हे ठरवणाऱ्या १९८९ च्या प्रसिद्ध निकषांत ८२ किलोंची मर्यादा होती. पण पुढच्या अनुभवातून केवळ वजनावरून किंवा वयावरून नकार देण्याचे कारण उरले नाही, असे डॉक्टरांनी समजावले.

दुसरी गोष्ट सर्जनच्या हाताच्या सवयीची. ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्यांकडे ती फसण्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून मी दोन ठिकाणी सरळ विचारले, "वर्षाला असे किती गुडघे करता?" एका ठिकाणी "कोणी मागितले तर करतो" असे उत्तर मिळाले. मी दुसरीकडे गेले. हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तो विचाराच.

माझा पाय अजून किंचित बाहेर वाकलेला दिसतो, आणि घरच्यांना ती चूक वाटली होती. तसा तो मुद्दाम ठेवला आहे. गरजेपेक्षा जास्त सरळ केला असता, तर भार बाहेरच्या निरोगी कप्प्यावर जाऊन तोही झिजू लागला असता. गेल्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये त्या कप्प्यातली फट पूर्वीइतकीच मोकळी आहे.