चुन्याच्या रेघेतला शार्क

वैनगंगेकाठच्या आपल्या शाळेत आमच्या वर्गातल्या कोणीच समुद्र पाहिला नव्हता. तरी आठवीत विज्ञानाच्या सरांनी तुलना करायला दिली ती व्हेल शार्क आणि हरियाल यांची. एक जगातला सर्वांत मोठा मासा, दुसरा कबुतरांच्या कुळातला, आपला राज्यपक्षी. "पोट्टेहो, फरक तं कोणीबी लिहीन. मले 'कावून' पाहिजे," सर म्हणाले. 'कावून' म्हणजे 'का'.

मग दोरीने बारा मीटर मोजून मैदानावर चुन्याने शार्क काढला. सारा वर्ग त्याच्या पोटात मावला. हरियाल भरला फूटपट्टीएवढा. एवढं धूड जगतं मात्र पाणी गाळून मिळणाऱ्या सूक्ष्म जीवांवर अन् बारीक मासोळ्यांवर.

ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यातल्या एका मित्राने रोहू चिरताना निघालेला, माशाला तरंगत ठेवणारा हवेचा फुगा कागदात बांधून आणला होता. तो बोटाने दाबून पाहताना कळलं, की असा फुगा शार्कला नसतोच. त्याचा सांगाडा हाडांऐवजी लवचीक कूर्चेचा, म्हणून हलका. शिवाय तेलाने भरलेलं मोठं यकृत त्याला तरंगायला मदत करतं. हरियालचं वजन कमी राखतात ती पोकळ हाडं. शार्कच्या यकृतातल्या तेलापायीच गुजरातच्या किनाऱ्यावर शार्क मारले जात. ते तेल लाकडी होड्यांना लावायचे. २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं, हे किती बरं झालं!

मला सगळ्यात भावली ती पिलांची गोष्ट. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिलं निघाली. जन्मल्यावर त्यांना आईचा आधार नाही. हरियालची अंडी बहुधा दोनच, पण नर आणि मादी दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य पिलांना भरवतात. आईबाप पुढे सांभाळणार नसतील, तर पिलं पुष्कळ लागतात. सरांचं 'कावून' मला तिथे सापडलं.

आज मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी हाच प्रश्न देतो. हरियाल आम्ही पाहिले ते शाळेमागच्या उंबरावर. हळदीसारखे पिवळे पाय दिसेपर्यंत पानांत पाखरू आहे हे कळायचंच नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात नव्या खोल्या बांधायचं ठरतंय, त्याचा मला आनंदच आहे. समितीला हात जोडून एवढंच सांगणं, की नकाशा काढताना तो उंबर वाचवा. खोल्या दहा फूट पुढे घेता येतील.